पेटीच्या पाठीवरची ऊब

ओसाकातल्या दुरुस्तीच्या दुकानात मी देव्हाऱ्यातला विजेचा दिवा घेऊन रांगेत होते. पुढच्या आजींनी नवऱ्याचा जुना संगणक आणला होता. दुकानदार हिरानुमा तो उघडून पाहत होते.

"आजी, याचा वीजपुरवठा पेटीच्या आतच आहे, म्हणून पेटी तापते. नवा बाहेरून जोडतो. पेटी गार राहील."

"गार नको, हिरानुमासान."

"अहो, गार म्हणजे चांगलं."

"हे त्याच्या पाठीवर साकेची सुरई गरम करायला ठेवायचे."

"संगणकावर दारू?"

"मीही असंच ओरडायचे. तीस वर्षं."

"आणि आता?"

"रविवारी त्यांचं वर्षश्राद्ध आहे. सुरई तिथेच ठेवीन म्हणते."

"बरं, जुनाच दुरुस्त करतो. सुरई कडकडीत तापायची का?"

"छे, जेमतेम कोमट. तेवढाही धीर नसायचा त्यांना."