हिरडी आणि हिरडा

आजच्या समारंभाचे अध्यक्ष सयाजीराव, व्यासपीठावरील मान्यवर, सत्कारमूर्ती दातांच्या डॉक्टर आदितीताई, आणि आज खुर्चीत बसूनही तोंड बंद ठेवायची मुभा मिळालेल्या माझ्या समस्त पेशंट बंधू-भगिनींनो,

बत्तीस वर्षांनी ताई राजारामपुरीतला दवाखाना आवरतायत. निरोपाचं बोलायला समितीनं मलाच का उभं केलं? तर ताईंचं सांगणं सगळ्यांत उलटं ज्यानं केलं, तो मीच, बापूसो. शाळा सातवीपर्यंत, पुढचं शहाणपण पुडीच्या कागदावरचं वाचून आलेलं.

मी गावच्या दारूबंदी समितीचा अध्यक्ष. दोन वर्षांमागं तपासणीच्या कागदावर माझ्या लिव्हरला चरबी आणि सूज निघाली. झालं. पारावर चर्चा, "अध्यक्ष कोल्हापूरला मिटिंगला जातोय, ते ह्यापायी व्हय?" गावाचं सोडा, पण घरात विजयमालेनं बोलणं टाकलं. माझी पिशवी हुंगायला लागली. जन्मात थेंब न घेतलेला माणूस चाळीस वर्षांच्या संसारात एका कागदानं दारुडा ठरला.

त्याच दिवसांत हिरड्यांतनं रक्त येतंय म्हणून ताईंकडं गेलतो. ताई म्हणाल्या, "काका, हिरड्यांचं दुखणं आणि लिव्हरचं दुखणं, यांचं काही नातं असावं असं अभ्यासांत दिसतंय. तोंडातले जंतू रक्तातनं, पोटातनं पुढं जातात. हिरड्यांकडं रोज लक्ष द्या."

आता मी काय ऐकावं? माझा मेहुणा शाहूवाडीचा, त्याच्या डोंगरात हिरड्याची झाडं. मी पोतंभर हिरडा आणला, कुटला, आणि रोज दोन चमचे मनोभावे लक्ष दिलं. पाचव्या दिवशी दारूबंदीच्या सभेत, ऐन भाषणात, माईक टाकून परसाकडं पळालो. लोक म्हणाले, बघा, पाय लटपटायला लागले.

विजयमालेला घेऊन पुन्हा ताईंकडं गेलो. "ताई, हिरड्यांनी काय गुण न्हाय."

"किती वेळ घासताय?"

"घासतोय कुठं? कुटून खातोय."

ताई भिंतीकडं तोंड करून उभ्या राहिल्या. खांदे हलत होते. मग विजयमालेला म्हणाल्या, "काकू, लिव्हर फक्त दारूनंच बिघडतं असं नाही. यांच्या पोटाचा घेर बघा, चहातली साखर बघा. आणि हिरड्यांना मिश्रीच्या तंबाखूनं खाल्लंय."

"मिश्री सोडलीया म्हणत्यात की."

ताईंनी माझ्या काळ्या हिरड्या पाहिल्या, माझ्याकडं पाहिलं, आणि गप्प बसल्या.

त्या दिवशी विजयमाला घरी येताना बोलायला लागली. पुढं ताईंनी हिरड्या साफ केल्या, मी साखर तोडली, चालायला लागलो. सूज बरीच उतरली. श्रेय द्यायला गेलो तर ताई म्हणाल्या, "ते तुमच्या पायांना द्या, आणि पोटाच्या डॉक्टरांना चुकवू नका."

पण ते गप्प बसणं मला पिशवी हुंगण्यापेक्षा जास्त लागलं. शाल-श्रीफळ समितीनं दिलंच आहे. माझ्याकडनं ही मिश्रीची डबी घ्या, ताई. विजयमाला, तू पिशवीत शोधत राहिलीस. ही छत्रीच्या घडीत होती. काल सकाळपर्यंत चालू होती. उद्यापासनं माझं खोटं ओळखून गप्प बसणारं कुणी राहणार नाही, म्हणून आजच सांगितलं.

ताई, आपले उपकार. सभागृहाचेही आभार. बोलण्यात काही चुकलं-माकलं असेल तर मोठ्या मनानं पोटात घाला.

हिरडा मात्र घालू नका.