टर्निपला कुणी ओढायचं नाही

ओढा म्हणे! अहो, कुत्रा आहे तो, बर्फात रुतलेली गाडी नाही ओढायला! पण नाही, ज्याला बघावं तो मला एकच सांगतोय, 'आर्विड, पट्ट्याला धर आणि ओढ, एकदा पलीकडे गेला की भीती मोडेल'... अरे वा! तुम्हाला कुणी मानेला धरून दाताच्या डॉक्टरकडे ओढत नेलं तर भीती मोडेल का? मान मोडेल! तुम्हाला सांगतो, गेल्या ऑक्टोबरपासून मी हे ऐकतोय, आणि ऑक्टोबरपासून माझं एकच उत्तर आहे. ओढणार नाही म्हणजे नाही!

आता तुम्ही म्हणाल, हा कोण मोठा कुत्र्यांचा कैवारी लागून गेला. मी? मी एकतीस वर्षं टपाल वाटलं हो! मिनेसोटाच्या थंडीत, मिशीला बर्फ लटकत असताना, घरोघरी. चौदा वेळा चावलेत मला. चौदा! त्यातला एक तर पूडल होता, नुकताच केस कापून आलेला, गळ्यात रिबीन... त्याचं जास्त लागलं, कारण लोक हसले. निवृत्त झालो तेव्हा मर्ना, म्हणजे माझी बायको, काय म्हणाली माहितीये? "आयुष्यभर कुत्र्यांपासून पळालास, आता एखाद्याबरोबर पळ. घरात नुसता बसलास तर मी तुला बाहेर बांधीन." गेलो अनाथ कुत्र्यांच्या आश्रमात.

तिथे हा. एक कान वर, एक कान खाली, पाय आखूड, अंग लांब, म्हणजे दोन वेगळ्या कुत्र्यांचे उरलेले भाग कुणीतरी संध्याकाळी घाईत जोडल्यासारखा. नाव टर्निप, म्हणजे सलगम. मी नाही ठेवलं! पहिल्या घरानं ठेवलं, आणि सोफा खाल्ला म्हणून परत आणून दिला. मग दुसऱ्या घरानं नेला, त्यांनीही परत आणला. का? सोफा खाल्ला! तिथली बाई मला म्हणते, "स्वभावानं गोड आहे हो, पण डोक्याला आणि पायाला काम नसलं की फर्निचर फाडतो." तो माझ्याकडे बघतोय, मी त्याच्याकडे. शेपूट हलवत नव्हता. दोनदा परत आलेला जीव, तो कशाला उगाच शेपूट हलवेल? मी तिथल्या तिथे म्हणून टाकलं, हा तिसऱ्यांदा इथे येणार नाही.

आणि काम म्हणजे काय, तर आमच्या गावाबाहेर घोड्यांची ती मोठी शेड आहे ना, तिथे वर्षभर कुत्र्यांचा अडथळ्यांच्या शर्यतीचा क्लब चालतो. उड्या, बोगदा, बारा दांड्यांमधून नागमोडी पळणं, आणि सीसॉ. शिकवायला जोलीन. सव्वीस वर्षांची पोरगी, पण आवाज असा की घोडेसुद्धा सरळ उभे राहतात. पहिल्याच दिवशी मला म्हणाली, "आर्विड, तुम्ही आत्ता त्याला किती वेळा 'थांब' म्हणालात?" मी म्हटलं, मोजलं नाही. "दहा वेळा. आता त्याला वाटतंय की दहाव्या वेळेलाच थांबायचं असतं. एक शब्द, एकदाच, आणि मग गप्प उभं राहायचं." गप्प! मर्ना एकतीस वर्षं जे सांगतेय ते या पोरीनं एका वाक्यात सांगितलं.

बरं, बोटाला कुत्रा विचारतच नाही. तुम्ही बोटानं चंद्र दाखवा, तो तुमच्या बुटांकडे बघणार. बुटाची टोकं जिकडे आणि खांदे जिकडे, तिकडे स्वारी! एकदा मी हात केला बोगद्याकडे, तोंडानं ओरडलो 'बोगदा', पण माझे बूट होते कॉफीच्या टेबलाकडे, कारण मला कॉफी हवी होती, माणूस आहे मी! टर्निप थेट टेबलावर, आणि माझ्या मित्राच्या, डेलमरच्या, बायकोनं केलेले अख्खे ताटभर लेमन बार, लिंबाच्या गोड वड्या हो, साफ! जोलीन म्हणते, "शाबास टर्निप, सांगितलं तेच केलंस." आणि मला म्हणते, "चूक कुणाची, आर्विड?" हो, माझी! दर वेळी माझीच! चूक करायला त्या क्लबात कुत्र्यांना परवानगीच नाही.

पण शिकला हो. तुम्हाला सांगतो, काय शिकला! हाडं पक्की व्हायची होती म्हणून सहा महिने उड्यांच्या दांड्या जमिनीवर ठेवून नुसतं त्यांच्यावरून चालत होतो आम्ही दोघं, लोक हसत होते, पण घाई केली नाही. नंतर दांडी एक एक बोट वर. बोगद्यातून तर तो असा सुटायचा की मागून धूळ यायची. आणि घरी? सोफा शाबूत! मर्नानं सोफ्यावरची चादर काढली, इतका विश्वास. सगळं जमलं... फक्त सीसॉ सोडून.

सीसॉ म्हणजे साधी लांब फळी, एका टोकानं चढायचं, मध्यावर आलं की पलीकडचं टोक खाली जातं, धाडकन् आपटतं, आणि मग त्या पिवळ्या टोकावर पाय टेकवून उतरायचं. बाकीची कुत्री पळत जातात. आमचे साहेब मध्यावर येणार, थांबणार, माझ्याकडे बघणार... आणि बाजूला उडी! रोज. बाजूला उडी. चीज दाखवा, उकडलेलं लिव्हर दाखवा, बाजूला उडी!

आणि इथे येतो डेलमर. डेलमर क्लबचा अध्यक्ष. तीस वर्षं आम्ही दोघं गोठलेल्या तळ्यावर एकाच भोकात गळ टाकून बसतो, म्हणजे मित्रच, पण त्याच्याकडे आहे डचेस, ती झुपकेदार शेल्टी कुत्री, भिंतभर बक्षिसाच्या फिती मिळवलेली, आणि तेव्हापासून याला वाटतं फिती यालाच मिळाल्यात. टर्निपनं बाजूला उडी मारली की डेलमर हाताची घडी घालून म्हणतो, "हं... हे वेगळंच आहे." वेगळंच! आमच्याकडे कुणाला तोंडावर शिवी देत नाहीत हो, 'वेगळंच आहे' म्हणतात. माझ्या सासूबाईंनी लग्नात माझ्या सुटाला म्हटलं होतं. मी अजून विसरलेलो नाही!

जानेवारीत डेलमरनं फर्मान काढलं. "आर्विड, वेटिंग लिस्टवर नऊ कुत्री आहेत. मे महिन्याच्या स्पर्धेत याच्याकडून सगळे अडथळे पूर्ण झाले पाहिजेत, नाहीतर जागा दुसऱ्याला. नियम सगळ्यांना सारखा." आणि वर दोस्तीखातर सल्ला, "अरे, पट्टा धर, ओढून ने एकदा पलीकडे. मी डचेसला नेलं होतं." म्हणून ती तुझ्याकडे बघतसुद्धा नाही रे, डेलमर! हे मी मनात म्हटलं. मोठ्यानं म्हटलं, ओढणार नाही म्हणजे नाही!

पण घरी आलो तर झोप नाही. जागा गेली की याचं काम गेलं. काम गेलं की सोफा गेला. सोफा गेला की... नाही, मर्ना त्याला काढणार नाही, पण हा पुन्हा तसाच होईल, शेपूट न हलवणारा. ते मला बघवणार नव्हतं. तेवढंच खरं होतं, बाकी फिती-बिती गेल्या खड्ड्यात.

मार्चमध्ये तर कहर झाला. टर्निपनं एकाच तासात अकरा वेळा बाजूला उडी मारली. डेलमर तरातरा मैदानात आला, माझ्या हातातल्या पट्ट्याला हात घातला, "आण इकडे, एका मिनिटाचं काम आहे!" आणि मी... मी कधी आवाज चढवत नाही, आमच्याकडे तशी पद्धतच नाही, पण मी ओरडलो हो! "हात लावशील तर याद राख! या कुत्र्याला दोन घरांनी ढकललंय, माझ्या देखत कुणी ओढणार नाही! ओढणार नाही म्हणजे नाही!" एक घोडा शिंकला. डेलमर म्हणाला, "हं... हे वेगळंच आहे." आणि गेला निघून.

मग जोलीन आली, हातात फोन. मला वाटलं समजूत घालतेय. छे! म्हणते, "आर्विड, तुमचा व्हिडिओ काढलाय. कुत्र्याकडे बघू नका, स्वतःकडे बघा." बघतो तर काय? टर्निप मध्यावर येतोय, फळी अजून हललीसुद्धा नाही, आणि तो लाल टोपीतला म्हातारा, म्हणजे मी, खांदे कानापर्यंत वर, डोळे मिटलेले, एक पाय मागे! दर वेळी! अकराच्या अकरा वेळा! जोलीन हळूच म्हणाली, "तो आवाजाला भीत नाही, आर्विड. तो तुमच्या खांद्यांकडे बघतो आणि विचार करतो, हा माणूस एवढा घाबरलाय म्हणजे पुढे नक्की काहीतरी भयंकर असणार."

तुम्हाला सांगतो, मला लगेच कळलं. एकतीस वर्षं! टपाल टाकताना घराचं जाळीचं दार धाडकन् आपटलं की पुढच्या क्षणाला माझ्या पोटरीला दात! सीसॉचा आवाज तोच, अगदी तोच! मी सगळ्या क्लबाशी भांडत होतो की कुत्र्याला धीरानं घ्या, समजून घ्या, आणि अडकला कोण होता? मी! त्या बिचाऱ्यानं काय केलं होतं? सांगितलं तेच केलं होतं!

मर्नाला सांगितलं, तर ती हसली नाही. मला वाटलं, चला, आज समजूतदारपणा दिसतोय. दुसऱ्या दिवशी सकाळी मी दाढी करतोय आणि मागून, धाडकन्! पातेल्याचं झाकण! मी आरशाला धडकलो. "फार मोठ्यानं झालं," ती म्हणाली, "लहान झाकणापासून सुरू करू." आणि केलं हो तिनं! जोलीनच्याच पद्धतीनं! पहिला आठवडा नुसता चमचा, मग बशी, मग छोटं झाकण, मग तवा, मग मागचं दार. दचकलो नाही की चीजचा तुकडा. दचकलो की काही नाही, ओरडणंसुद्धा नाही, नुसती शांत उभी. हसू नका! तुम्ही सहा आठवडे चीजसाठी उभे राहा, मग हसा! आणि टर्निप समोर बसून सगळं बघतोय, माझ्या प्रत्येक तुकड्यामागे त्यालाही एक. एप्रिलअखेर मर्ना शेजारणीला फोनवर सांगत होती, "चांगला शिकतोय. आधी वाटलं नव्हतं, वय झालंय त्याचं."

मग मे. स्पर्धा. आधी आठ मिनिटं कुत्र्याशिवाय मैदान चालून बघायचं असतं, म्हणजे वीस मोठी माणसं हवेत हात करत, नसलेल्या कुत्र्यांना 'शाबास' म्हणत गोल गोल फिरताहेत. त्यात मी. फरक एवढाच की मी खांदे खाली ठेवायचा सराव करत होतो. मग नाव पुकारलं. सुटलो! उडी, उडी, बोगदा, दांड्या, माझे गुडघे कुरकुरताहेत, टर्निप उडतोय, आणि समोर शेवटचा अडथळा, सीसॉ. चढला. मध्यावर आला. थांबला. आणि बघितलं माझ्याकडे.

रिंगणात कुत्र्याला हात लावायचा नाही, खाऊ द्यायचा नाही. घड्याळ पळतंय. कडेनं डेलमरचा आवाज, "अरे, ढकल त्याला जरा!" मी एकदाच म्हटलं, "चल." आणि उभा राहिलो. खांदे खाली, डोळे उघडे, बुटाची टोकं पुढे. देवा, किती वेळ गेला कुणास ठाऊक... आणि त्यानं एक पाऊल टाकलं. फळी झुकली. धाडकन्! मी हललो नाही हो! माझी पापणी हलली नाही! टर्निप पिवळ्या टोकावर उभा, शेपूट अशी फिरतेय की आता उडतो की काय, आणि मी, चौदा वेळा चावलेला माणूस, सगळ्यांसमोर ढसाढसा रडतोय.

इथे संपायला हवं होतं ना? नाही संपलं! टर्निपला आवाज आवडला! तो वळला, पुन्हा चढला. धाडकन्! वळला. धाडकन्! माझ्याकडे बघतोय, मी दचकत नाही, म्हणजे छानच चाललंय! धाडकन्! वेळ संपली, परीक्षक बाईंची शिट्टी वाजली, फीत गेली, पुढची डचेस दारात उभी, आणि हा खाली उतरायला तयार नाही! जोलीननं वहीत लिहिलं, 'सीसॉ: चार वेळा पूर्ण', म्हणजे जागा पक्की. पण ती स्वतःच हातात पट्टा देत म्हणते, "आर्विड, आता मात्र ओढा हो त्याला!" लोक ओरडताहेत, ओढा! परीक्षक बाई म्हणताहेत, ओढा! मर्ना, माझी सख्खी बायको, प्रेक्षकांतून, "अरे ओढ की!" मी तिथेच मातीत मांडी घालून बसलो. म्हटलं, त्याचं होऊ दे. ओढणार नाही म्हणजे नाही!

शेवटी डेलमर आला. सरळ कॉलर धरली आणि दारापर्यंत ओढत नेलं. मला. टर्निप खाली उतरून आपला आपण मागून चालत आला.