लाईन गेली

पुण्याचा गवई बोलावलात तर आधी त्याला नागपूरची बोली शिकवा. हे मी उगाच सांगत नाही.

एकोणीसशे ऐंशीच्या सुमारास आमच्या नागपूरच्या मंडळात मी पुण्याचे एक बुवा आणले. तंबोऱ्याऐवजी त्यांचे जावई सिंथेसायझर नावाच्या विजेच्या पेटीवर लांबच लांब सूर धरत आणि बुवा त्यावर ख्याल गात. मंडळाला सिनेमाची गाणी हवी होती. मी सांगून टाकलं, "लोक उठून गेले तर अध्यक्षपद सोडतो."

रविवारची सकाळ होती. बुवांनी डोळे मिटून तोडी सुरू केली. पेटी विहिरीत बोलल्यासारखी घुमत होती. तेवढ्यात वीज गेली. पंखे थांबले, पेटी मुकी झाली. मागून मंडळातला विठोबा ओरडला, "बुवा, लाईन गेली!"

आमच्याकडे वीज गेली की असंच म्हणतात. बुवांना वाटलं, आपली बंदिशीतली ओळ गळाली, म्हणूनच जावई थांबला. त्यांनी बंदिश पहिल्यापासून घेतली.

"अजी बुवा, लाईन गेली ना!"

बुवांनी पुन्हा पहिल्यापासून घेतली, आणखी जोरात. लोक घामाने भिजले, पण उठायला कोणी तयार नव्हतं. उठू पाहणाऱ्या सुनेला तिची म्हातारी सासू म्हणाली, "बस वं, बुवा आता काय करते ते पाहू दे."

शेवटी बुवांनी डोळे उघडले आणि लालबुंद होऊन मला विचारलं, "अध्यक्ष, मी सगळी बंदिश म्हटली. कोणती लाईन गेली?"

मी म्हणालो, "खांबावरची."