प्रवीणचा एकही फोटो नव्हता

आर्ट कॉलेजात मी पहिलं काम काय केलं असेल, तर चित्रासाठी मांडलेलं सामान खाऊन टाकलं. हासू नका, खरंच सांगून राहिलो. टेबलावर तांब्याचा गुंड, म्हणजे पाण्याची कळशी, मागं निळं कापड, पुढं तीन संत्री, अन् ते पाहून आम्ही पोट्ट्यांनी दोन दिवस चित्र काढाचं. मी नरखेडकडचा, घरी संत्र्याची बाग, संत्रं दिसलं का सोलाचं हे आमच्या हाताले माहीत, डोक्याले विचाराची रीतच नाही. चहाची सुट्टी झाली, सारे बाहेर गेले, मी रंगाच्या विचारात तिथंच बसलो अन् विचार करता करता एक संत्रं सोलून खाल्लं बी. आंबट आहे, आपल्याकडचं नाही, असं मनात म्हटलं सुद्धा. पोट्टे परत आले तं टेबलावर दोनच, अन् सगळ्यांची चित्रं अर्ध्यावर. सर म्हणाले, कोणं खाल्लं रे, अन् माझ्या शर्टाच्या खिशातून साल डोकावून राहिलं होतं, साक्षीदार दुसरा कोणी लागलाच नाही. सर म्हणाले, संत्रं पाहून ज्याच्या तोंडाले पाणी सुटते त्याले चित्रकार नाही म्हणत बाबा, गिऱ्हाईक म्हणतात.

सारा वर्ग हासला. माझ्या बाजूले बसलेला एक पोट्टा तेवढा हासला नाही, काहून का त्यानं मान वर केलीच नव्हती. तो काढतच होता. जे संत्रं माझ्या पोटात होतं ते त्यानं आठवणीतून काढलं, अन् काय सांगू तुम्हाले, टेबलावरच्या दोघांपेक्षा तेच खरं वाटे. जाता जाता म्हणाला, तुझं मी वाचवलं गा संत्र्या. तो प्रवीण. त्या दिवशीपासून मरेपर्यंत त्याच्यासाठी मी संत्र्याच राहिलो, माझ्या लग्नात सुद्धा हार घालाले आला तं सासऱ्यासमोर संत्र्या म्हणूनच हाक मारली.

आता मी कॉलेजात कसा पोचलो ते सांगतो, नाही तं तुम्ही म्हणाल हा मधूनच सुरू झाला. गावात मी तान्ह्या पोळ्याचे लाकडी बैल रंगवे, मोटरसायकलीवर नावं टाके, मोटारपंपाच्या खोलीवर मालकाचं नाव लिवे. ड्रॉइंगचे मास्तर बापाले म्हणाले, पोराचा हात चांगला आहे, नागपूरले पाठवा. बाप म्हणाला, हात तं वावर निंदालेही चांगला आहे. पण पाठवलं बिचाऱ्यानं. गावात कोणी विचारलं पोरगा काय शिकून राहिला, तं म्हणे, आर्ट. लोकांले वाटे बी.ए. करून राहिला असंल, मग मास्तर होईल, पोरीवाले येत. त्यानं कोणाले सांगितलं नाही का पोरगा दिवसभर गुंडाकडे पाहत बसते म्हणून.

प्रवीण इथलाच, नागपूरचा. त्याच्या आज्यानं छप्पनमध्ये धम्म घेतला होता, अन् घरातून कॉलेजात गेलेला हा पहिला, त्यातही चित्रकलेले. त्याची आई म्हणे, डॉक्टर नाही झाला तं नाही, पण माझं पोरगं पाहून काढते, लोक न पाहता जगतात. आम्ही पाच वर्ष एका बेंचवर बसलो, तो डावीकडे, मी उजवीकडे. त्याची एक खोड होती, ब्रश कानाच्या मागं खोसे, पेनासारखा, अन् धुतलेला नसे तसाच खोसे, म्हणून त्याच्या कानावर कायम कोणता ना कोणता रंग. आम्ही त्याच्या कानावरून ओळखू का आज आभाळ काढून राहिला का झाड.

कॉलेज सुटलं तं आमच्या वर्गाचं काय झालं विचारता का. एक पुण्याले कार्टूनच्या कंपनीत गेला, एक टॅटू काढते, दोघी शाळेत ड्रॉइंगच्या मॅडम झाल्या, एकजण गणपती-दुर्गा बनवते अन् बाकीचे दहा महिने झोपते, असं तोच सांगते. मी इथंच सक्करदऱ्यात दुकान टाकलं, फोटो फ्रेमचं. बोर्ड प्रवीणनंच लिहून दिला, कोपऱ्यात एक लहानसं संत्रं काढून. बायको म्हणे, फ्रेमच्या दुकानावर संत्रं काहून, लोक ज्यूस मागतील. मागितला बी एकदोघांनी.

प्रवीण गांधीबागेत कापडाच्या दुकानांचे बोर्ड लिवे. त्याचं अक्षर असं का साडीचं नाव वाचलं का साडीचा पदर दिसे. मग फ्लेक्स आला. मी मशीनवाल्याशी जमवून घेतलं, कॉम्प्युटर शिकलो. त्यालेही म्हटलं, शीक गा, तो म्हणाला, मले हात लागते संत्र्या, हाताशिवाय मले विचारच करता येत नाही. मग तो एका विनाअनुदानित शाळेत ड्रॉइंग शिकवे, आज पगार होईल उद्या होईल असं, अन् सुट्ट्यांत भिंती रंगवे, अंगणवाड्या, शाळांचे कंपाउंड. पुलाखालून जाता न तुम्ही, तिथं जे हरणं आहेत, त्यातलं पाणी पिणारं हरिण त्याचं. बाकीचे कोणाचे ते मी नाव घेत नाही, त्यांचे पाय पाहूनच समजते.

यंदाच्या उन्हाळ्यात एका शाळेच्या भिंतीवर पळस काढून राहिला होता. छातीत दुखलं, सावलीत जाऊन टेकला, मुख्याध्यापकाले वाटलं डुलकी लागली. बस. एवढंच.

दोन दिवसांनी सुनंदा वहिनी, म्हणजे त्याची बायको, दुकानात आली. म्हणाली, भाऊजी, पुण्यानुमोदनाच्या वंदनेले फोटो लागते अन् ह्यांचा फोटोच नाही. मी म्हटलं असं कसं होईल वहिनी, आजकाल कुत्र्याचेही शंभर फोटो असतात. पण खरंच नव्हता. लग्नाचा अल्बम घरात पाणी शिरलं तेव्हा चिकटून गोळा झालेला. मोबाइलमध्ये पाहिलं तं प्रत्येक फोटोत ह्याची मान खाली, काही ना काही करून राहिला, दोरी बांधते, डब्बा उघडते, पोरांच्या वह्या पाहते. आमच्या कॉलेजच्या ग्रुप फोटोत तं ऐनवेळी चपलेचा अंगठा दाबाले वाकला, नुसते केस दिसतात. शेवटी निघालं शाळेचं ओळखपत्र, त्यावर नखाएवढा चेहरा, तोही घाबरलेला.

मी म्हटलं, वहिनी, मी करतो. हाच तं माझा धंदा. मेलेल्या माणसांले मी रोज नीट करतो, ओळखपत्र मोठं कराचं, सुरकुत्या काढाच्या, अंगावर कोट चढवाचा, आयुष्यात ज्यानं बंडीवर दिवस काढले तोही माझ्याकडून कोट घालूनच निघते, दहा वर्षानं तरणा. वनिता, माझी बायको, गिऱ्हाइकांचं पाहते, ती मागं उभी होती. माझं चाललं होतं माऊसवर, मी नेहमीसारखं करत गेलो, अन् वनिता एकदम म्हणाली, अहो, प्रवीणभाऊच्या कपाळाले टिळा काहून लावला.

पाहतो तं खरंच. कोट झाला, गाल गुळगुळीत झाले अन् कपाळावर कुंकवाचा टिळा, दिवसभर सगळ्यांलेच लावतो न, हातानं आपोआप लावला. बुद्धाची वंदना घेणाऱ्या घरातला माझा दोस्त, पाच वर्ष ज्याच्या डब्यातलं खाल्लं, अन् मी त्याले न पाहताच त्याचा फोटो करून राहिलो होतो. टिळा पुसला. कोट काढला. सुरकुत्या परत आणल्या. मग खाली जे उरलं तो प्रवीण नव्हताच, धुरकट ठिपके होते नुसते.

तेवढ्यात लाईट गेली. मे महिना, दुपार, कूलर बंद, कॉम्प्युटर बंद. मी फ्रेमच्या मागं लावाचा पुठ्ठा ओढला अन् पेन्सिल घेतली. किती वर्षांनी घेतली ते विचारू नका. काढला प्रवीण अन् उतरला एखादा पोस्टमास्तर. वनिता म्हणाली, हे कोण होय. दुसरा काढला, तं म्हणते, हा तं माझा दादा दिसून राहिला, तो जिवंत आहे, त्याले काहून मारता. मी हासलो अन् हासता हासता मले रडूच आलं हो. इतक्या लोकांचे चेहरे ह्या हातानं सारखे करून टाकले का त्याले दुसरा चेहराच येईना. दोस्त गेला ते एक, पण मले आता तो काढताही येत नाही, हे त्या दुपारी समजलं.

वनिता आत गेली. पाणी आणून ठेवलं अन् माझ्या डाव्या बाजूले स्टूल ओढून बसली, दारातल्या उजेडात डाळ निवडत, मान खाली घालून. मी सहज तिच्याकडे पाहिलं अन् मले आठवलं का मी प्रवीणले समोरून कधी पाहिलंच नाही. पाच वर्ष बाजूनंच पाहिलं. तो माझ्या डावीकडे, म्हणून दिसे ती त्याची उजवी बाजू, मान खाली, कान, मानेवर आलेले केस, नाकाचं टोक, अर्धी मिटलेली पापणी. मग पेन्सिल चालली. लाईट आली तरी मी उठलो नाही. दुकानात रंगाच्या वाळलेल्या ट्यूबा होत्या, एक फोडून कानावर तेवढा हिरवा लावला, बाकी सारं पेन्सिलीचंच ठेवलं.

देताना भीती वाटे. लोकांले समोर पाहणारा फोटो लागते, हार घालाले. वहिनीनं चित्र हातात घेतलं, लय वेळ पाहिलं. म्हणाली, भाऊजी, नजर खालीच ठेवली काहून. मी म्हटलं, वहिनी, त्यानं वर केली कधी. मग तिनं पदराचं टोक बोटाले गुंडाळलं अन् त्या कानावरचा हिरवा रंग पुसाले लागली. रोजची सवय न. दोनदा पुसलं, अन् मग हात तिथंच थांबला. मी बाहेर बघून राहिलो.

पुण्यानुमोदनाले घरी गेलो. बुद्धाच्या मूर्तीच्या खालच्या टेबलावर ते चित्र ठेवलेलं, मेणबत्त्या, पांढरी फुलं, भंतेजींचं म्हणणं चालू. अन् एक गोष्ट मी पाहिली. जो फूल ठेवाले येई तो आधी वाकून पाहे, काहून का प्रवीण खाली पाहून राहिलेला, तर त्याची नजर सापडावी म्हणून सगळे खाली वाकत, म्हातारे, शाळेतले पोट्टे, गांधीबागेतले दुकानदार. जिवंतपणी कोणी इतकं वाकून त्याच्याकडे पाहिलं नसंल. मीही वाकलो. तो पाहून नाही राहिला माझ्याकडे, तो आपल्या कामात.

दुकान चालू आहे, कोट घालणं चालू आहे, पोट आहे न मागं. पण टिळा लावाच्या आधी आता विचारतो, अन् सुरकुत्या राहू देऊ का हेही विचारतो. बहुतेक लोक म्हणतात, काढा हो, सगळ्यांच्या काढता तशाच. बोर्डावरचं संत्रं उन्हानं उडून चाललं, त्याले हात लावाची माझी हिंमत होत नाही.

पुण्यानुमोदनाहून घरी येताना वनिता स्कूटरवर मागं बसली होती, सक्करदऱ्याच्या तलावाजवळ आलो. मग म्हणाली, अहो, माझं बी हातानंच काढा, कोट-बीट नको. मी म्हटलं, असं काहून बोलते वं. तं म्हणते, मेल्यावर नाही, उद्या बसते डाळ घेऊन, जिवंत आहे तोवर काढा, मले पाहाचं आहे तुम्ही मले कसं पाहिलं ते.