चार शर्टांचा महिना

फोन दुरुस्तीच्या दुकानात माझ्या मागच्या बाकावर बहीण-भाऊ बसले होते. भावाला मी ओळखलं. व्हिडिओत नवेनवे फोन पारखून दाखवणारा तो हाच.

“ताई, हळू बोल. लोक ओळखतात मला.”

“ओळखू देत. आई बाथरूममध्ये पडली, हातात फोन होता आणि नेमका तेव्हाच तो बंद पडला. शेजारच्या काकूंनी हाक ऐकली म्हणून निभावलं.”

“एखादा पीस खराब निघतो गं.”

“तूच व्हिडिओत म्हणालास ना, महिनाभर वापरला, एकदाही दगा दिला नाही?”

“कंपनी फोन पाठवते आणि चार दिवसांत व्हिडिओ मागते. महिना कुठून आणू?”

“शर्टांतून आणलास की! एका दुपारी चार शर्ट बदललेस, झाले चार आठवडे. इस्त्रीला मी, कॅमेऱ्याला मी.”

“सगळेच तसं करतात.”

“आणि संध्याकाळी तोच फोन आईच्या हातात दिलास.”

“किती खूश झाली होती. मुलाने पारखलेला फोन म्हणून सगळ्यांना दाखवत फिरायची.”

“जळलं मेलं तुझं पारखणं!”

“आता यावर खरा व्हिडिओ करतो ना. आईलाच घेऊ. पायाचं प्लास्टर नीट दिसेल अशी बसवू.”

“वा रे वा! निर्लज्जम् सदा सुखी.”

तेवढ्यात काउंटरवरच्या मुलीने त्याला पुढे बोलावलं.

“सर, हा फोन कधीपासून वापरताय?”

त्याने मागे वळून ताईकडे पाहिलं.

“सांग ना,” मागून ताई म्हणाली, “कुठल्या शर्टापासून मोजायचं?”