फक्त दोन शब्द

अरे, वाशीच्या त्या मोठ्या डेव्हलपर कॉन्फरन्सला मी वक्ता होतो. विषय होता, 'आपलं ॲप स्लो का होतं?' महिनाभर स्लाइड घासत बसलो होतो. तिथे एसीच्या वाऱ्यात आधी समईच पेटेना. मग प्रमुख पाहुण्यांचा सत्कार, मग त्यांचं भाषण: "सॉफ्टवेअर ही काळाची गरज आहे." तेच फिरवून फिरवून, जेवणाची वेळ टळेपर्यंत! शेवटी माझ्या हातात नारळ कोंबत निवेदिका म्हणाली, "वेळेअभावी सर आता फक्त दोन शब्द बोलतील."

माझी सटकली. माईक घेतला आणि म्हणालो, "जेवून घ्या."

टाळ्यांनी हॉल दणाणला. आयोजक धावत आले, "सर, काय मुद्देसूद बोललात! पुढच्या वर्षी याच विषयावर तुम्हाला अख्खा तास देतो."