चाळीस कॉलेजांची यादी

डोळ्यांच्या दवाखान्यात माझ्या शेजारी दोघी बहिणी बसल्या होत्या. थोरलीचं ऑपरेशन होतं.

"ताई, पुन्हा मोबाइल? आत्ताच थेंब घातलेत ना डोळ्यांत?"

"चाळीस कॉलेजांच्या संशोधनाची यादी आहे गं. कुणालाही फुकट बघता यावी म्हणून सगळ्या कॉलेजांनी मिळून इंटरनेटवर तयार केली. ऑपरेशननंतर महिनाभर तिच्यातल्या चुका कोण दुरुस्त करणार?"

"सगळ्यांची ना? मग पासवर्ड तुझ्या एकटीकडे कसा?"

"कुणी मागितलाच नाही."

"आता तरी सांग. मी या कागदावर लिहून घेते. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही, पण कुणाला तरी देईन."

"घे, लिही." थोरलीनं तिच्या कानात पासवर्ड सांगितला. "ज्यानं आजवर एक तरी चूक कळवली, त्याला दे."

"कुणी कळवली?"

"चला आजी, आत," नर्स म्हणाली.

"ताई, कुणी कळवली?"

"कागद तुझ्याकडेच राहू दे. नीट ठेव."